तेवीस चौकांची वस्ती

फार पूर्वी, आजच्या एकाही गावाचे नाव कुणाच्या तोंडी नव्हते तेव्हा, एक राज्य होते. मुलांनो, त्या राज्यातली ही गोष्ट तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण यातली चूक मोठ्या आणि शहाण्या माणसांनी केलेली आहे. लहानांच्या हातून ती झाली नसती.

त्या राज्यात नवी वस्ती बसवण्याची एक ठरलेली रीत होती. वस्तीभोवती दगडी कुंपण घालायचे. कुंपणाला कोपरे चारच, चारही काटकोनात, आणि प्रत्येक कोपऱ्यात एका दिशेच्या रक्षकाचा उभा दगड. जमीन मोजायची ती दोराने. एक दोर म्हणजे साठ हात. एक दोर लांब आणि एक दोर रुंद अशा जागेला चौक म्हणत. एका घराला एक चौक, असा राजाचा नियम होता. तेवढ्या जागेत घर, गोठा, परसू आणि दोन झाडे आरामात मावत.

राजाचा एक मोजणीदार होता. कुंपण किती दोरांचे आणि जागा किती चौकांची, एवढे दोनच आकडे त्याला सांगायचे, की तो लांबी आणि रुंदी सांगून मोकळा होई. कुणी म्हणे, "कुंपण बावीस दोर, जागा अठ्ठावीस चौक." मोजणीदार मनात कुंपणाचे निम्मे करी. निम्मे म्हणजे लांबी आणि रुंदी यांची बेरीज, अकरा. चौक म्हणजे त्यांचा गुणाकार. मग समोरच्याचे पान लावून होण्याच्या आत तो म्हणे, "सात चोक अठ्ठावीस. सात दोर लांब, चार दोर रुंद." याला तो आकडा मोडणे म्हणत असे.

वीस वर्षांत त्याचा एकही आकडा अडला नव्हता. लोकांना वाटे, काय ही बुद्धी! त्यालाही तसेच वाटे. खरी गोष्ट अशी होती, की राजाचे कारकून त्याच्याकडे मोडणारेच आकडे पाठवत. बिचाऱ्याला हे कुणी सांगितले नव्हते.

एका वर्षी राज्यातल्या मोठ्या नदीने आपली वाट बदलली. जुने पात्र कोरडे पडले आणि नवे पात्र एका गावाच्या मधोमध गेले. माणसे वाचली, पण गाव राहिले नाही. तेवीस घरांची माणसे आपापली भांडीकुंडी घेऊन वरच्या माळावर आली.

माळ धनगरांचा होता. त्यांचा म्हातारा पुढारी चांगला माणूस होता. तो म्हणाला, "तुम्ही आमचे शेजारी. तुम्हाला नाही म्हणवत नाही. तेवीस घरं, तेवीस चौक घ्या. त्याच्यावर मात्र एक पाऊलही नाही. आमची मेंढरं काय खाणार?"

हे रास्तच होते. गावकऱ्यांनी ते मान्य केले.

आता कुंपण. जुन्या गावाचे कुंपण वीस दोरांचे होते आणि गाव सोडताना त्याचा एकही दगड मागे ठेवायचा नाही, अशी त्या लोकांची रीत होती. त्यातला प्रत्येक दगड कुणाच्या ना कुणाच्या पणज्याने लावलेला होता. दगड मागे टाकणे म्हणजे त्या माणसाला मागे टाकणे, असे ते मानत. म्हणून त्यांनी दगड पाण्यातून काढले, पाठीवर वाहिले आणि माळावर आणून रचले. नवे कुंपण तेवढेच उंच, तेवढेच जाड, आणि बरोबर वीस दोरांचे होणार होते.

मोजणीदार आला. लोक त्याच्याभोवती गोळा झाले.

"कुंपण वीस दोर," गावातला सगळ्यांत वडील माणूस म्हणाला. त्याला सगळे थोरले बाबा म्हणत. "जागा तेवीस चौक."

"बेरीज दहा, गुणाकार तेवीस," मोजणीदार म्हणाला, आणि थांबला.

तो पुन्हा मनात मोजू लागला. नऊ एके नऊ. आठ दुणे सोळा. सात त्रिक एकवीस. सहा चोक चोवीस. पाच पंचे पंचवीस. एकवीस होते, चोवीस होते. तेवीस कुठेच नव्हते.

जेवायची वेळ झाली, तो जेवला नाही. राहुटीत जाऊन त्याने अर्ध्या दोराने करून पाहिले. साडेसहा आणि साडेतीन घेतले, तर पाव चौक कमी पडला. सव्वासहा आणि पावणेचार घेतले, तर जवळजवळ अर्धा चौक जास्त झाला. त्याला घाम फुटला. पण बाहेर येताना त्याने तो पुसला.

"सात दोर लांब, तीन दोर रुंद," तो म्हणाला. "एकवीस चौक."

"आणि उरलेले दोन?" थोरल्या बाबांनी विचारले.

"तेवीस मोडत नाही. चोवीस मोडतं, पण ते धनगर देत नाहीत. तेव्हा एकवीस. दोन घरं जास्त आहेत."

गावातला गवंडी हुशार होता. तो पुढे आला. "सहा आणि चारचं करा. एका कोपऱ्यातला एक चौक बाहेर सोडा. कुंपण तेवढंच लागेल आणि जागा होईल तेवीस."

मोजणीदाराने क्षणभर त्याच्याकडे आशेने पाहिले. पण थोरल्या बाबांनी मान हलवली. "अशानं सहा कोपरे होतील. रक्षक चारच आहेत. बिनरक्षकाच्या कोपऱ्याशी घर कोण बांधेल?" कुणीच पुढे आले नाही.

तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "थांबा जरा. दोर लावून बघू या की."

ती दोर वळणारी होती. नावेचे, विहिरीचे, गुरांचे सगळे दोर तीच वळून देई. नवरा वारला होता. घरात ती आणि तिचा थकलेला सासरा, एवढी दोनच माणसे.

मोजणीदाराला आधीच राग आला होता, आणि तो काढायला जागा हवी होती. "बाई," तो म्हणाला, "दोर जमिनीला लावतात. उत्तराला नाही."

लोक हसले. मोजणीदाराने काठी तीनदा जमिनीवर आपटली. राजाच्या मोजणीदाराने काठी आपटली, की निर्णय झाला.

"कुठली दोन घरं, ते तुम्ही ठरवा," असे म्हणून तो राहुटीत गेला.

मग कुणीतरी हळूच म्हणाले, "नदी राहिली खाली. आता माळावर नावाड्याचं काय काम?" आणखी कुणीतरी म्हणाले, "दोरवालीचं काय, एकटी बाई. कुठंही राहील." थोरल्या बाबांनी खाली पाहिले, आणि ठरले. एकवीस घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला त्यांना दुष्ट म्हणवत नाही. तिथे तुम्ही-आम्ही असतो, तर आपणही बहुधा खालीच पाहिले असते.

नावाडी मोजणीदाराच्या राहुटीपाशी गेला. त्याची बायको पोटुशी होती.

"मला पुरा चौक नको," तो हात जोडून म्हणाला. "अर्धा द्या. पाव द्या. कुणाच्या परसात कोपरा द्या. हिचे दिवस भरत आलेत."

"एका घराला एक चौक," मोजणीदार म्हणाला. "अर्धं घर नियमात बसत नाही."

"मग मी कुठं जाऊ?"

"माझ्या हातात काही नाही. आकडा मोडत नाही, त्याला मी काय करू?"

त्याला खरोखरच तसे वाटत होते. लबाड माणूस असता, तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावाडी बायकोला घेऊन उत्तरेच्या घाटाकडे निघाला. घाटापलीकडे एखादे गाव आपल्याला ठेवून घेईल, असे त्याला वाटत होते. थंडीचे दिवस होते. दोरवाली त्यांच्यासोबत पांदीपर्यंत गेली आणि तिने आपले घोंगडे नावाड्याच्या बायकोच्या खांद्यावर टाकले. मग ती परत आली, माळाखालच्या चिंचेला टेकून तिने चार काटक्यांचे खोपटे केले आणि सासऱ्याला त्यात निजवले.

वर माळावर दगड निवडायचे, मापाने लावून ठेवायचे काम चालू होते. कोपऱ्याचे दगड पौर्णिमेला उभे करायचे होते, त्याला अजून वीस दिवस होते. खाली दोरवाली सुतळी घेऊन बसली.

तिला पाढे येत नव्हते. तिला दोर येत होता. तिने वीस वीत सुतळी घेतली, तिची टोके बांधली, आणि चार खुंट्यांना ताणून जमिनीवर चौकोन केला. तिच्यासाठी एक वीत म्हणजे एक दोर. पाच वीत लांब, पाच वीत रुंद. आत वीत-वीतभराचे पंचवीस चौक झाले. मग तिने खुंट्या थोड्या सरकवल्या. एक बाजू जेवढी वाढे, तेवढीच दुसरी कमी होई, आणि आतली जागा आकसत जाई. सहा आणि चारला ती चोवीस झाली. सात आणि तीनला एकवीस.

तिने सुतळी पुन्हा मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. असे तिने कितीदा केले असेल कोण जाणे. जागा चोवीसवरून एकवीसवर येताना कुठेही उडी मारत नव्हती. हळूहळू, वाळू गळावी तशी कमी होत होती. म्हणजे वाटेत कुठेतरी ती बरोबर तेवीस होतच असणार.

"आहे," ती सासऱ्याला म्हणाली. "मामंजी, तेवीस आहे. फक्त कुठं थांबायचं ते कळत नाही."

"मग शोध," म्हातारा म्हणाला. "तुला दुसरं काय काम आहे?"

ते शोधायला तिला एकोणीस दिवस लागले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मोजणीदार माळावर चुन्याच्या रेघा तपासत होता. दोरवाली खुंट्या आणि सुतळी घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. गवंडी, थोरले बाबा, धनगरांचा पुढारी सगळे तिथे होते.

"तेवीस सापडलं," ती म्हणाली. "बघायचं असेल तर बघा."

मोजणीदार काही बोलायच्या आत धनगर खाली बसला. "दाखव, बाई."

तिने भुसभुशीत मातीत पाच वितींचा चौकोन आखला. "हे पंचवीस. आता खालून एक पट्टी कापते आणि बाजूला लावते." तिने तशी रेघ मारली. "पट्टी पाच वीत लांब. पण बाजूची उंची आता पाच राहिली नाही, पट्टीच्या रुंदीएवढी ती कमी झाली. म्हणून पट्टीचं टोक बाहेर राहतं. ते टोक केवढं?"

गवंडी वाकला. "पट्टी जेवढी रुंद, तेवढं लांब आणि तेवढंच रुंद. लहानसा चौकोन आहे."

"तेवढीच जागा कमी होते. पट्टी एक वीत रुंद घेतली, तर एक चौक जातो. दोन वीत घेतली, तर चार जातात. आपल्याला पंचवीसातून दोनच घालवायचे आहेत. म्हणजे त्या टोकाचा चौकोन बरोबर दोन चौकांचा पाहिजे."

"दोन चौकांचा चौकोन होत नाही," मोजणीदार चटकन म्हणाला. "एक एके एक. बे दुणे चार. मधे काही नाही."

तिने एका वितीचा एक चौक आखला आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली. चौकाचे दोन सारखे अर्धे झाले. मग त्या ताणलेल्या सुतळीएवढीच बाजू घेऊन तिने दुसरा चौकोन केला आणि त्याचे समोरासमोरचे कोपरे आतून जोडले. त्यात तसलेच चार अर्धे बसले.

"चार अर्धे म्हणजे किती?" तिने विचारले.

धनगर म्हणाला, "दोन."

"ही तिरपी सुतळी म्हणजे पट्टीची रुंदी. एका बाजूच्या पाचात ती मिळवायची, दुसऱ्या बाजूच्या पाचातून वजा करायची. कुंपण वीसच राहतं, कोपरे चारच, आणि जागा तेवीस."

मोजणीदार उठला. त्याने माळावर खरा साठ हातांचा चौक आखला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोर ताणून तो मोजायला घेतला. चौऱ्याऐंशी हात झाले. वर वीस बोटे. वर तीन जव, म्हणजे जवाच्या तीन दाण्यांची रुंदी. तरी थोडे उरलेच. त्याने जवाचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले. दर वेळी काहीतरी उरत होते.

"याला शेवट नाही," तो म्हणाला. "मी कागदावर काय लिहू? या लांबीला आकडा नाही. नाव नाही. ज्याला नाव नाही ते मी कसं धरू?"

"पोटातल्या लेकराला तरी कुठं नाव असतं?" दोरवाली म्हणाली. "म्हणून ते नसतं का?"

मोजणीदाराला राहुटीपाशी हात जोडून उभा राहिलेला माणूस आठवला. समोर दोर ताणून पडला होता. त्याला एक टोक होते, दुसरे टोक होते, कुणीही हात लावून बघावे असा होता. तो वीस दिवसांपूर्वीही इतकाच लांब होता.

"चुना पुसा," तो म्हणाला.

लोकांनी जुन्या रेघा पुसल्या. दोरवालीने दोर धरला, मोजणीदाराने खुंट्या ठोकल्या. धनगराने आपल्या पावलांनी सगळीकडून फिरून पाहिले आणि म्हणाला, "पंचवीसातून दोन गेले. माझ्या मेंढरांचं काही गेलं नाही. घाला कुंपण."

नावाड्याला शोधायला उत्तरेच्या वाटेने माणसे पाठवली. मोजणीदार म्हणाला, "मीही येतो." पण थोरले बाबा म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा. त्यानं तुम्हाला वाटेत बघू नये."

पौर्णिमेला चार दगड उभे राहिले. कुंपणाला सगळे जुने दगड लागले, एकही उरला नाही आणि एकही कमी पडला नाही. आतली जागा लोकांनी दोराने वाटून घेतली. वाटण्या पाढ्यांसारख्या सरळ नव्हत्या, पण सगळ्या सारख्या होत्या. दोरवालीच्या वाटणीवर सासऱ्याने स्वतः पहिली कुदळ मारली. शेजारची वाटणी नावाड्यासाठी ठेवली. गावातल्या बायकांनी ती सारवून ठेवली आणि गवंड्याने तिथे न सांगता चौथरा घातला.

नवव्या दिवशी नावाडी आला. तो एकटाच होता. खांद्यावर दोरवालीचे घोंगडे होते.

त्याच्यासोबत आलेल्या माणसांनी हळू आवाजात सांगितले, ते एवढेच. घाटापलीकडच्या दोन गावांनी त्यांना ठेवून घेतले नाही. तिसरे गाव गाठायच्या आत, उघड्या रानात, त्याची बायको बाळंत झाली. मूल रात्र काढू शकले नाही. तिने आणखी दोन दिवस काढले.

नावाडी सारवलेल्या जागेपाशी गेला. त्याने चौथऱ्याकडे पाहिले. लांबी बघितली, रुंदी बघितली. मोजणीदार समोर उभा होता. तो नावाड्याच्या पायाशी बसला आणि सगळ्या गावासमोर रडला.

नावाड्याने त्याला शिवी दिली नाही, उठवलेही नाही.

"जागा बरोबर आहे," तो म्हणाला. "पुरा चौक आहे."

मग तो चौथऱ्यावर चढला आणि पाठ फिरवून बसला.

राजाने मोजणीदाराला शिक्षा केली नाही. कारण नियमाप्रमाणे त्याने काही गुन्हाच केला नव्हता. पण मोजणीदार नंतर जगला तितकी वर्षे, जमिनीवर दोर ताणून पाहिल्याशिवाय कुणालाही "बसत नाही" असे म्हणाला नाही. त्याच्या हाताखाली मोजणी शिकायला येणाऱ्यांना तो पहिल्या दिवशी पाढे शिकवत नसे. तो त्यांना त्या वस्तीत नेई आणि नावाड्याचे घर दाखवी. पुरा चौक होता, घर होते, परसू होते, दोन झाडे होती, आणि आत एक माणूस राहत होता.

हिशेब सरळ सुटला नाही, तर वेगळी वाट शोधावी. माणूस जास्त झाला असे म्हणू नये.